व्यायामाच्या तासाची शिकवण

गणिताच्या तासाविषयी आपण पुष्कळ बोलतो. अमुक गुरुजी समजावून सांगतात, तमुक पाठ करवून घेतात, अशी तुलना प्रत्येक वर्गात चालते. व्यायामाच्या तासाविषयी मात्र अशी चर्चा क्वचितच ऐकू येते. ज्याच्या अंगी चपळाई उपजत असेल तो धावेल, ज्याच्या अंगी नसेल तो कडेला उभा राहील, असे आपण गृहीत धरून चालतो. हा समज तपासून पाहावा असे आम्हांस वाटते. कारण कडेला उभे राहणारे थोडेथोडके नसतात आणि त्यांत मुलींचा भरणा अधिक असतो.

शरीराला हालचाल शिकविण्याच्या दोन जुन्या वाटा आपल्या परिचयाच्या आहेत. पहिली आखाड्याची. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. ही विद्या उस्तादाच्या हाताखाली एकेका शिष्याने घेतली. अढी घालताना पाय कोठे चुकतो हे उस्ताद डोळ्यांनी पाहतो आणि हाताने पाय योग्य जागी नेऊन ठेवतो. चूक तेथल्या तेथे सुधारते. पण एका उस्तादाला शिष्य मोजकेच सांभाळता येतात. दुसरी वाट सांघिक कवायतीची. बडोद्याचे प्रा. माणिकराव यांनी सांघिक व्यायामाला देशी आज्ञांची जोड दिली, आणि शेकडो मुले एका तालावर हात-पाय हलवू लागली. आपल्या पांढुर्ण्यापासून वरूड-मोर्शीच्या वाटेने गेले की अमरावती लागते; तेथील १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. अशा प्रात्यक्षिकांना सांघिक शिस्त हवीच. तथापि कवायतीत पुढे काय करावयाचे हे आज्ञा देणारा ठरवितो, विद्यार्थ्याला निवड करावी लागत नाही.

खेळात मात्र निवड पदोपदी करावी लागते. आपला खोखोच घ्या. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला बसलेल्यांच्या मधून मध्यपाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की मागेही फिरता येत नाही. म्हणजे खो केव्हा द्यावा आणि कोणास द्यावा, हे धावता धावताच ठरवावयाचे असते. आता जो मुलगा आठवडाभर रांगेत ‘उठ आणि पळ’ एवढाच सराव करतो, त्याचे पाय वेगवान होतील हे खरे. परंतु सामन्यात हुलकावणी देणारा गडी समोर आला की तो गोंधळतो. त्याला आपण मंद म्हणून मोकळे होतो. वास्तविक पाय शिकले, पण नजरेला शिकण्याची संधी मिळालीच नाही.

या बाबतीत अमेरिकेत १९८६ मध्ये गुड आणि मॅगिल या संशोधकांनी केलेला प्रयोग मोठा उद्बोधक आहे. त्यांनी विद्यार्थिनींना बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकविल्या. एका गटाने एक प्रकार घोटून मग दुसरा घेतला. दुसऱ्या गटाने तिन्ही प्रकार उलटसुलट, मिसळून केले. पुढे परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेला गट सरस ठरला. इतकेच नव्हे, तर ज्या बाजूने सराव केलाच नव्हता त्या बाजूनेही त्यांचा हात अधिक बरा चालला. प्रत्येक वेळी नव्याने विचार करावा लागल्यामुळे हालचाल पक्की बसते, असे याचे स्पष्टीकरण देतात. लहान मुलांच्या बाबतीत इतर प्रयोगांचे निष्कर्ष असे एकसारखे नाहीत. तेव्हा अगदी नवख्या मुलाला आधी थोडे घोटवून घ्यावे हेच बरे.

पद्धतीचा आणखी एक परिणाम साध्या त्रैराशिकाने कळतो. पस्तीस मिनिटांच्या तासातील दहा मिनिटे हजेरीत व मैदान गाठण्यात गेली असे धरू. उरली पंचवीस. चाळीस मुलांची एकच रांग असेल आणि एकेका पाळीला पंधरा सेकंद लागत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला अवघ्या अडीच पाळ्या येतात. चार रांगा केल्या तर दहा येतात. गुरुजी तेच, मैदान तेच! ज्याला अडीच पाळ्या मिळाल्या त्याच्या अंगी चपळाई नाही, हा निवाडा आम्हांस न्याय्य वाटत नाही.

मल्लखांबाची गोष्ट निराळी. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्यखेळ म्हणून स्वीकारलेल्या या खेळात उंचावरून पडण्याचे भय असते. तेथे ‘स्वतः शोधून काढ’ असे सांगून चालणार नाही. पकड, मग अढी, मग पुढची उडी हा क्रम आणि उस्तादाची कडक आज्ञा हवीच. एकच पद्धत सर्व खेळांना लावण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही.

मस्का मॉस्टन यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात जोडीने शिकण्याची रीत सांगितली आहे. एकाने करावे, दुसऱ्याने ठरलेल्या दोन-तीन गोष्टी पाहून त्याला सांगाव्या आणि मग अदलाबदल करावी. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती पायांना चिकटू लागली की मैदान बंद पडते. त्या दिवसांत शाळेच्या ओसरीवर, जोडीजोडीने, खोखोचे बसणे-उठणे या रीतीने सहज करता येईल. पाहणाऱ्याने एवढेच पाहावे की उठताना पहिले पाऊल कोणत्या दिशेला पडले आणि खो ऐकू येण्यापूर्वीच गडी हलला तर नाही.