जुन्या गाडीवर रंगाचा फुगा? वरवरचा डाग की आतून सडलेला पत्रा, असे ओळखा

पावसाळा सरला, की जुन्या मोटारीच्या दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकावरच्या कमानीला रंगाचे बारीक फुगे दिसू लागतात. मुंबई आणि कोकणच्या खाऱ्या हवेत हा अनुभव नेहमीचा. अशा वेळी नुसता टचअप पुरेल, की पत्रा कापावा लागेल?

रंग का फुगतो?
लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन मिळाला, की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल तर वेग वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग उचलला जातो. दारासारख्या पोकळ भागात गंज अनेकदा आतून सुरू होतो. त्यामुळे बाहेर रुपयाएवढा फुगा असला, तरी आत तळहाताएवढा पत्रा खराब झालेला असू शकतो.

कुठे आणि कसे तपासाल?
• दार आणि डिकीची खालची कड. पाणी निघण्याची भोके चिखलाने बुजली, की पाणी आतच साचते.
• मॅटखालचा फ्लोअर, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा पत्रा.
• फुग्याजवळ अंगठ्याने दाबा. पत्रा दबला किंवा कुरकुरला, तर तो पातळ झाला आहे.
• पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा. पत्र्यावर ते एखाद्या ठिकाणी धरत नसेल, तर तिथे जाड पुट्टी असण्याची शक्यता मोठी. जुनी गाडी घेताना ही चाचणी जरूर करा. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र ती चालत नाही.

दुरुस्ती कशी होते?
*वरवरचा गंज :* चकचकीत धातू दिसेपर्यंत घासणे, पुसून पूर्ण कोरडे करणे, मग इपॉक्सी प्रायमर, गरजेपुरती पातळ पुट्टी, रंग आणि क्लिअर कोट. पुट्टी आणि साधा प्रायमर ओलावा शोषतात. त्यामुळे दमट हवेत काम अर्धवट उघडे ठेवू नये.

*भोक पडले असेल तर :* चांगला पत्रा लागेपर्यंत सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवावा लागतो. जोडावर सीलर आणि आतल्या पोकळीत गंजरोधक मेण मारले नाही, तर तिथेच पुन्हा गंज धरतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवणे आणि पेट्रोलच्या टाकीजवळ विशेष काळजी घेणे आवश्यक.

पुट्टी कुठे चालणार नाही?
बहुतेक मोटारींना वेगळी चॅसिस नसते, बॉडीच भार पेलते. दाराखालचा रनिंग बोर्डाचा भाग, खांब, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथे बसतात ती जागा सडली असेल, तर पुट्टीने फक्त भोक झाकले जाते, ताकद परत येत नाही. अपघातात याच भागांवर प्रवाशांचा जीव अवलंबून असतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा तपासणीही होते. त्याआधीच गाडी लिफ्टवर घेऊन खालची बाजू पाहिलेली बरी.

गॅरेजवाल्याला काय सांगाल?
गंज काढल्यावर आणि पुट्टी लावण्यापूर्वी उघड्या पत्र्याचे फोटो मागा. रंग चढल्यावर चांगले आणि वाईट काम सारखेच दिसते.