दार उघडेना, तर दोष कुठे पाहावा?

सभासद बंधूंनो, मुंबईला आपले जाणेयेणे असतेच. कुणी परळला टाटा किंवा के. ई. एम. रुग्णालयात पेशंट घेऊन जातो, कुणी दादरला हिशोबाला. पूर्वी लालबाग-परळच्या गिरण्यांच्या गेटवर भोंगा, पास आणि रखवालदार एवढाच कारभार होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जागी काचेच्या इमारती उठल्या आणि दारात कार्ड वाचणारी यंत्रे आली. ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावू लागलेल्या भुयारी मेट्रोतही गिरगाव काय, दादर काय, तिकीट दाखवल्याशिवाय फाटक हलत नाही. गावाकडच्या गेटांवरही आता अशी यंत्रे बसू लागली आहेत, म्हणून हा विषय घेतला.

दारावरची डबी फक्त कार्डाचा नंबर वाचते. उघडायचे की नाही हे ठरवणारा कारभारी आतल्या पेटीत बसतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. नावांची यादी आणि आत सोडायच्या वेळा त्याच्यापाशी असतात. त्याने हुकूम दिला की रिले टक् करतो आणि कुलूप सुटते.

दादरला एका कार्यालयात आम्ही गेलो असता दाराशी पाच-सहा जण खोळंबले होते. रखवालदार म्हणे, "कार्डं खराब झालीत, नवी काढा." दुरुस्तीवाल्याने पेटीला हात लावण्याआधी एकच विचारले, एकाचे कार्ड चालत नाही की सगळ्यांचे? सगळ्यांचे, म्हणजे दोष कार्डात नव्हे. कार्ड दाखवताच हिरवा दिवा लागे, टक् होई आणि पेटीतले सगळे दिवे विझून पुन्हा लागत. चार्जर जळाला होता आणि सारा भार जुन्या बॅटरीवर होता. मोकळी असता ती बारा व्होल्ट दाखवी. कुलूप ओढू लागले की नवाच्या खाली येई. विहिरीवरची मोटार कमी दाबात नुसती घुमते, तसलाच प्रकार. पाने पिवळी दिसली म्हणून युरिया टाकावा आणि खाली मुळाला हुमणी असावी, त्यातली ही गत!

तेव्हा मीटर लावायचा तो कुलूप चालू असताना. डबी बोलतच नसेल तर तिची वायर बघा. डबी बोलते पण टक् होत नाही, तर यादी आणि कंट्रोलरचे घड्याळ तपासा. घड्याळ मागे पडले की सकाळपाळीचा माणूस त्याला रात्रीचा वाटतो. टक् होते पण कुलूप सुटत नाही, तर कुलपाकडची वायर किंवा दाराचा बिजागर. संगणकाची जोडणी तुटली तरी चांगला कंट्रोलर आपल्याजवळच्या यादीवर दार उघडत राहतो, नोंदी मागाहून पाठवतो. तो तसे करतो का, हे केबल काढून एकदा बघितलेले बरे.

२९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळच्या कमला मिल आवारात आग लागून १४ जीव गेले, कित्येक धुरात गुदमरून. तिथली कारणे वेगळी. पण धुरात माणसाला किती थोडा वेळ मिळतो ते दिसले. वीज गेली की माणसांच्या वाटेवरचे दार आतून विनाकार्ड उघडलेच पाहिजे.

वजनकाट्याच्या गेटवर असे यंत्र बसले तर हाताने उघडायची किल्ली कुणाजवळ, हे हंगामाआधी ठरवून घ्यावे. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. रात्रपाळीच्या गेटवाल्यालाही ती किल्ली एकदा फिरवून बघायला लावावी.