फळ्या पाडण्यासाठीं साखळीच्या करवतीस धार लावणें

बाळकुम गांवीं भातखाचरें आतां थोडींच उरलीं आहेत. तथापि घरामागें वा बांधावर जुनी चिंच, आंबा किंवा फणस अद्याप उभा आढळतो. पावसाळ्यांत असें झाड उन्मळून पडलें कीं बहुतेक जण तें सरपणाच्या भावानें देऊन टाकतात. त्याच ओंडक्याच्या फळ्या पाडल्यास दारें व पेट्या घरच्या घरीं होतात. पूर्वीं हें काम दोघे करवतकरी, एक वर व एक खालीं, असे मोठ्या करवतीनें करीत. सांप्रत पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत चौकटीस जोडून तें करतां येतें. परंतु धारेचें ज्ञान नसेल तर लांकूड व यंत्र या दोहोंची नासाडी होते.

आमचाच अनुभव सांगतों. आवारांतील चिंच पडली, तेव्हां आम्हीं घाईनें फळ्या पाडविल्या. पहिलीच फळी एका कडेस दोन इंच व दुसरीस सव्वा इंच निघाली. दाते मोजून पाहतां एका बाजूचे दाते दुसऱ्या बाजूच्या दात्यांहून आखूड भरले. कानस चालविणाराचा हात एकीकडे जड पडला होता. साखळी लांब दात्यांच्या बाजूस ओढ घेते, व गाभ्याची उत्तम फळी वायां जाते.

कोन : आडवें तोडण्याच्या साखळीचे दाते सुमारें ३० अंश तिरपे घासलेले असतात. फळ्या पाडतांना दात्यास तंतूंचीं टोंकें कापावीं लागतात. तेथें इतका तिरपेपणा असल्यास फळी खडबडीत होते. म्हणून पट्टीशीं काटकोन करणाऱ्या रेषेपासून कानस सुमारें १० अंशच वळवावी.

कानस : लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचें निम्में, हें साखळीचें माप होय. तें ०.३२५ इंच असल्यास ४.८ मिलिमीटरची गोल कानस घ्यावी. पाऊण इंचाचें निम्में, म्हणजे ३/८ इंच, असल्यास कारखानदाराच्या पत्रकांत पाहून घ्यावी. कानसेच्या जाडीचा पांचवा भाग दात्याच्या माथ्यावर राहावा. कानस दात्याच्या आंतून बाहेर ढकलावी व परततांना उचलावी. सर्वांत आखूड दाता आधीं शोधावा आणि बाकीचे त्याच्या लांबीस आणावे.

उंचवटा : प्रत्येक दात्यापुढें एक लहान उंचवटा असतो, दाता किती खोल जाईल हें तो ठरवितो. तो दात्याच्या माथ्याहून सुमारें ०.६५ मिलिमीटर खालीं असावा. उंच राहिल्यास साखळी नुसती घासते; फार खालीं गेल्यास कठीण लांकडांत दाता रुततो व यंत्र हिसका देतें. दाता झिजतो तसा त्याचा माथा उतरतो, यास्तव तीन-चार वेळां धार लावल्यावर हें अंतर मापपट्टीनें तपासून चपट्या कानसेनें नीट करावें.

सागांत वाळूचा अंश असतो, त्यामुळें धार लवकर जाते. सालीवरील चिखल धुवावा व रस्त्याकडील झाडांतील खिळे आधीं पाहावे. फळ्या पाडतांना भुसा बारीकच पडतो. त्यावरून धार ओळखूं नये. यंत्र दाबावें लागलें किंवा लांकूड करपूं लागलें कीं लगेच थांबावें. साखळी पट्टीस खालून लागून राहावी, पण हातानें ओढतां यावी. काम संपल्यावर ती सैल करावी. या कामांत यंत्र सतत पूर्ण वेगानें चालतें, म्हणून तेल कमी पडूं देऊं नये व बंद करण्यापूर्वीं तें थोडा वेळ मंद चालवावें. धार लावतांना यंत्र बंद असावें व हातमोजे घालावे.

हिशेबही पाहावा. ही करवत प्रत्येक कापास सुमारें ३/८ इंच लांकूड खाते. नऊ कापांत सव्वातीन इंचांहून अधिक भुसा होतो. गिरणीच्या पट्टा-करवतीस याचा तिसरा हिस्साही लागत नाहीं. सबब जेथें गाडी पोंचते तेथें ओंडका गिरणीस न्यावा. जेथें पोंचत नाहीं तेथेंच ही युक्ति लाभते.

शेवटीं एक सूचना. सातबारावर नांव आहे एवढ्यावरून उभें झाड तोडूं नये. चिंच, आंबा, फणस व साग हीं झाडें सन १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादींत आहेत, आणि शहर हद्दींत सन १९७५ चा अधिनियम लागतो. पडलेल्या झाडाचीही वर्दी आधीं द्यावी व कागद जपून ठेवावा. कचेरींत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस ठाऊक आहे कीं, धार गेली तर ती पुन्हां लावतां येते. मागाहून परवानगी मिळविणें त्याहून फार कठीण.