अर्धांगवायूनंतर तोल आणि चाल

अर्धांगवायूचा झटका ओसरून रुग्ण घरीं आला, म्हणजे घरांतील प्रत्येकाच्या मनांत एकच प्रश्न घोळत असतो : हे पुन्हां चालूं लागतील ना? श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर पायांतील शक्तीइतकेंच तोल सांभाळण्यावर अवलंबून असतें.

मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला, किंवा तेथें रक्तस्राव झाला, म्हणजे पायाकडे जाणारा हुकूम थांबतो. उरलेला मेंदू तें काम कांहीं अंशीं उचलूं शकतो. मात्र तें त्याच्याकडून पुनःपुन्हां करवून घ्यावें लागतें. रुग्णाची प्रवृत्ति नेमकी उलट असते. तो सारा भार चांगल्या पायावर टाकतो, आणि दुबळा पाय बिनकामाचा राहून अधिकच दुबळा होतो.

म्हणून व्यायामतज्ज्ञ पहिला धडा देतात तो खुर्चीवर. खुर्ची हातांची, न सरकणारी असावी. पावलें किंचित् मागें घ्यावीं, दोन्ही टांचा जमिनीला टेकाव्या, नाक पावलांच्या टोंकांवर येईपर्यंत धड पुढें झुकवावें आणि मग उठावें. हें दिवसांतून अनेक वेळां. तें साधल्यावर टेबलाला धरून भार या पायावरून त्या पायावर तोलावा, पाऊल त्यानंतर. सोबत्यानें दुबळ्या बाजूस राहावें, पण तो हात धरून ओढूं नये, खांदा दुखावतो. काठी चांगल्या हातांत असावी.

यंत्रांचा मोह सर्वांनाच असतो. अमेरिकेंत ४०८ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. कांहींना पट्ट्यांनीं तोलून धरून यंत्राच्या सरकत्या पट्टीवर चालविलें; कांहींकडून तज्ज्ञांनीं घरींच व्यायाम करवून घेतले. झटक्याला वर्ष झालें तेव्हां सुधारणा सारखीच आढळली. एकंदर निम्म्याहून किंचित् अधिक रुग्णांची चाल सुधारली होती. अतिघाईही बरी नव्हे. २०१५ सालच्या २१०४ रुग्णांवरील प्रयोगांत, पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठविलेल्यांची स्थिति तीन महिन्यांनीं कांहींशी उणीच ठरली.

घरीं मात्र आड येते ती बहुधा माया. “बाबा, उठूं नका, मी आणून देतें,” असें म्हणणारी मुलगी वडिलांचीं त्या दिवसाचीं दहा पावलें नकळत हिरावून घेते! त्यापेक्षां तिनें वाटेंतील सुटी सतरंजी उचलावी, मोरी कोरडी ठेवावी आणि त्यांच्या शेजारीं चालावें.

जिना सर्वांत शेवटीं. चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुबळा. आणि सोबती दोन्ही वेळां खालच्या पायरीवर.