जुन्या मोटारगाडीतील इंजिन ऑइल बदल

इंजिन ऑइल बदल म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनातील वापरून निकृष्ट झालेले वंगण काढून त्या जागी नवे वंगण भरणे होय. नव्या गाडीत त्याचा कालावधी उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेवरून ठरतो. दुसऱ्याने वापरलेली गाडी विकत घेतल्यास मात्र तिच्यात शेवटचे ऑइल केव्हा व कोणत्या प्रतीचे भरले होते, याची खात्री बहुधा नसते. म्हणून विश्वासार्ह सर्व्हिस नोंदी नसतील, तर गाडी ताब्यात येताच ऑइल व ऑइल फिल्टर बदलून तेथून पुढील मोजणी सुरू करणे हितावह असते.

कार्य व ऱ्हास

इंजिन ऑइल फिरत्या भागांमधील घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि गंजाला प्रतिबंध करते. मूळ तेलात मळ सुटा करणारी, तो तरंगत ठेवणारी आणि झीज रोखणारी रासायनिक पूरके मिसळलेली असतात. वापराबरोबर तेलात काजळी, न जळलेले इंधन व पाण्याचा अंश मिसळतो, उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होते आणि पूरके क्षीण होतात. अशा तेलाचा पुढे चिकट गाळ बनतो. हा गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकल्यास बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही व इंजिन जाम होऊ शकते.

कालावधी

भारतातील अनेक पेट्रोल गाड्यांसाठी १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, अशी मर्यादा दिलेली असते. तथापि संबंधित गाडीची पुस्तिका हेच अंतिम प्रमाण होय. खडतर वापरासाठी अनेक पुस्तिकांत याहून कमी मर्यादा सांगितलेली असते. धुळीचे रस्ते, वाहतूककोंडीत इंजिन दीर्घकाळ सुरू राहणे, सततचे घाट आणि वारंवार होणारे अगदी जवळचे प्रवास यांचा त्यात समावेश होतो.

जवळच्या प्रवासात तेल पुरेसे तापत नाही व त्यातील पाणी आणि इंधन बाष्परूपाने निघून जात नाही. त्यामुळे वर्षभरात केवळ २,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे तेलही वर्षाअखेर बदलावे लागते. 'गाडी कमी चालली आहे' हे विक्रीच्या वेळचे विधान तेल चांगले असल्याचा पुरावा ठरत नाही.

तपासणी

तेलाची पातळी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिकने पाहतात. ती दोन खुणांच्या दरम्यान असावी. जुनी इंजिने काही प्रमाणात तेल जाळत असल्याने दोन बदलांच्या मधल्या काळातही ही तपासणी आवश्यक असते. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी किंवा कूलंट शिरल्याची शक्यता असते. अशा वेळी केवळ तेल बदलून दोष दूर होत नाही. केवळ काळ्या रंगावरून मात्र निष्कर्ष काढता येत नाही, कारण डिझेल इंजिनात नवे तेलही काजळीमुळे लवकर काळे पडते.

प्रत

तेलाचा दाटपणा एसएई श्रेणीने दर्शवितात. उदाहरणार्थ, ५डब्ल्यू-३० मधील पहिला अंक थंडीतील, तर दुसरा १०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा दाटपणा सुचवितो. गाडी जुनी झाली म्हणून सरसकट दाट तेल भरणे योग्य नव्हे. पुस्तिकेत दिलेल्या श्रेणींतूनच निवड करावी. कण गाळणारा फिल्टर धुराड्यात बसविलेल्या डिझेल गाड्यांना कमी राख देणारे तेल लागते.

गाळ साचलेले इंजिन तीव्र रसायनाने एकदम धुतल्यास सुटलेला गाळ तेलाचे मार्ग बंद करू शकतो. त्याऐवजी पहिले एक-दोन ऑइल बदल कमी अंतराने करणे अधिक सुरक्षित मानले जाते.

विल्हेवाट

वापरलेले तेल भारतात २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात, विहिरीजवळ किंवा जमिनीवर ओतू नये. बंद डब्यात भरून, अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे तेल पाठविणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.