गोषा आणि कायदा

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला उद्यमबाग लागते. फाउंड्र्या, लेथ यंत्रांच्या लहानमोठ्या शेड आणि त्यांच्या सोबतीला एक अभियांत्रिकी महाविद्यालय, असा हा परिसर. सकाळच्या पाळीच्या वेळी येथे कोणी घटकाभर उभा राहिला, तर झाकलेले चेहरेच त्याला अधिक दिसतील. भट्टीवरचा कामगार नाकातोंडाला फडके बांधून निघालेला असतो. स्कूटरवरच्या मुलीने धूळ आणि ऊन चुकविण्यासाठी ओढणी अशी गुंडाळलेली असते की डोळ्यांखेरीज काही दिसू नये. कोणी हेल्मेटच्या काचेआड दडलेला असतो. या घोळक्यात एखादी काळ्या बुरख्यातील स्त्रीही असते. पहिल्या तिघांना कोणी काही विचारीत नाही. चौथीविषयी मात्र सभा भरतात आणि न्यायालयांत दावे चालतात.

सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास कायद्याने बंदी करावी काय, हा तो प्रश्न. त्याचा विचार करण्यापूर्वी शब्दांचा घोळ मिटविणे अगत्याचे आहे. हिजाब म्हणजे केस व मान झाकणारे वस्त्र. त्यात चेहरा उघडा असतो. नकाब चेहऱ्यावर येतो. बुरखा सर्वांग झाकणारा असून तो कधी नकाबासह, तर कधी त्याविना वापरला जातो. उडुपीच्या महाविद्यालयातून सुरू होऊन 2022 साली सबंध कर्नाटकात पसरलेला वाद हिजाबाचा होता, चेहऱ्याचा नव्हता. कर्नाटक उच्च न्यायालयाने 15 मार्च 2022 रोजी शासनाचा गणवेशविषयक आदेश उचलून धरला. पुढे 13 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपविण्याचे ठरले. त्या वादात ज्यांनी हिरिरीने भाग घेतला, त्यांपैकी पुष्कळांना केस आणि चेहरा यांतील हे अंतर ठाऊक होते असे दिसत नाही. येथे विचार करावयाचा आहे तो चेहऱ्याचा.

चेहरा झाकण्याची चाल मराठी माणसाला परकी नाही. तिला आपल्याकडे जुना शब्द आहे: गोषा. फारसीत त्याचा अर्थ कोपरा. मराठा सरदार-संस्थानिकांच्या वाड्यांतून तो कडकडीत पाळला जाई. राणीवशाच्या मेण्याला आणि पुढे मोटारीलाही पडदे असत. शेतात राबणाऱ्या, बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला तो कधीच परवडला नाही, मग ती कोणत्याही धर्माची असो. खेड्यातील मराठीभाषक मुसलमान स्त्री कालपरवापर्यंत लुगडे नेसून डोक्यावर पदर घेऊन वावरत असे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बाई नाकावर पदर ओढते तो धुळीसाठी. गोषा हे घरंदाजपणाचे लक्षण होते, आणि पुष्कळ अंशी ऐपतीचेही.

वाड्यांतला हा गोषा कसा गेला, हे पाहण्यासारखे आहे. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांनी तो स्वतः टाकला, आणि 1927 साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ 1920 साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या, तेव्हा त्या पडदा पाळीत होत्या. पडद्याच्या समर्थनार्थ त्यांनी ग्रंथही लिहिला होता. उतारवयात त्याच बेगमसाहेबांनी पडदा बाजूला सारला. या दोघींपैकी कोणालाही पोलिसाने दंडाची पावती दिली नव्हती.

याचा अर्थ गोषा निरुपद्रवी आहे असा नव्हे. डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात मुसलमान स्त्रियांच्या पडद्यावर कठोर टीका केली, ती त्यांच्या शरीरप्रकृतीची आणि मनाची हानी पाहूनच. मनुष्याचा चेहरा ही त्याची ओळख असते आणि त्याचे अर्धे बोलणेही असते. तो कायमचा झाकून ठेवण्याची सक्ती म्हणजे त्या स्त्रीने घराचा कोपरा खांद्यावर घेऊनच बाहेर पडावे, असे सांगणे होय. धर्माच्या अंगाने पाहिले तरी कुराणात नजर खाली ठेवण्याची आज्ञा प्रथम पुरुषांना आहे आणि मग स्त्रियांना. चेहरा झाकावा की नाही, याविषयी मुसलमान धर्मशास्त्रज्ञांतच मतभेद आहेत. हज यात्रेत इहराम धारण केलेल्या स्त्रीने तर नकाब घालावयाचा नसतो. ज्या ठिकाणी लाखो स्त्रीपुरुष एकत्र जमतात, त्या ठिकाणचा हा नियम आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तथापि एखादी चाल वाईट असणे निराळे आणि ती दंडाने बंद करणे निराळे. आमच्या कायद्याने आजवर पडद्याशी मोठ्या सबुरीने व्यवहार केला आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे 132 वे कलम, ज्या स्त्रियांना रूढीप्रमाणे लोकांसमोर आणणे योग्य नव्हे, त्यांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून सूट देते. पडदानशीन स्त्रीने खतावर सही अथवा अंगठा केला, तर तिला मजकूर समजला होता हे सिद्ध करण्याचा भार न्यायालयांनी त्या खतापासून लाभ घेणाऱ्यावर टाकला. पडद्यामुळे ती फसविली जाऊ नये, हा त्यातील हेतू. परंतु जेथे चेहऱ्याचेच काम होते, तेथे कायदा मागे हटलेला नाही. मतदारयादीत छायाचित्र नको, अशी मागणी करणारी याचिका मद्रास उच्च न्यायालयाने 2006 साली फेटाळली. त्यावरील अपिलाच्या सुनावणीत 2010 साली सर्वोच्च न्यायालयानेही मागणी करणाऱ्यांची कानउघाडणी केली. मतदानकेंद्रात स्त्री-कर्मचारी ठेवावी आणि तिने आडोशाला चेहरा पाहून खात्री करून घ्यावी, ही वाट चांगली रुळलेली आहे. विमानतळावरील तपासणीही अशीच पार पडते.

सरसकट बंदीचे काय होते, याचे एक उदाहरण बेळगावच्या घाटाखालीच आहे. 14 एप्रिल 1736 रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक फर्मान काढले. एतद्देशीय ख्रिस्ती पुरुषांनी पुडवे म्हणजे धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, अंगणात तुळस ठेवू नये, असे त्यात बजावले होते. इन्क्विझिशन 1812 साली कायमचे बंद झाले. साष्टी-बारदेशच्या खेड्यांतील ख्रिस्ती बाई मात्र विसाव्या शतकातही लुगडे नेसून, वरून ‘ओल’ नावाची पांढरी चादर पांघरून प्रार्थनेला जात होती. धर्मसत्तेने आपल्याच लेकरांच्या अंगावरील वस्त्रांत हात घातला, आणि त्यातून श्रद्धा वाढली असे काही झाले नाही.

इराणची हकीकत याहून दुःखद आहे. रेझा शाहने जानेवारी 1936 मध्ये पडदा बेकायदा ठरविला. पोलीस भररस्त्यात स्त्रियांच्या डोक्यावरील चादरी ओढू लागले. परिणाम असा झाला की पुष्कळ स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. ज्यांना कोपऱ्यातून बाहेर काढावयाचे, त्या कोपऱ्यातच कोंडल्या गेल्या. 1941 साली शाह पदच्युत होताच हुकूम ढिला पडला. 1979 च्या क्रांतीनंतर चक्र उलटे फिरले आणि डोके न झाकणे हा गुन्हा झाला. सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनी या तरुणीचा नीतिरक्षक पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला आणि सारा देश पेटून उठला. एका राजवटीने वस्त्र काढावयास लावले, दुसरीने घालावयास लावले. स्त्रीच्या डोक्यापर्यंत पोचलेला पोलिसाचा हात दोन्ही वेळा तोच होता.

युरोपातील बंदीचा दाखला वारंवार दिला जातो. फ्रान्सने 2010 साली कायदा केला आणि 11 एप्रिल 2011 पासून तो अमलात आला. चेहरा झाकल्यास 150 युरोपर्यंत दंड. 2014 साली स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने तो वैध ठरविला. सुरक्षिततेची सबब त्या न्यायालयाला सरसकट बंदीसाठी पुरेशी वाटली नाही. समाजात एकत्र नांदण्यासाठी चेहरा दिसणे आवश्यक, या एका मुद्द्यावर कायदा तरला. स्वित्झर्लंडमध्ये मार्च 2021 च्या सार्वमतात 51.2 टक्के मतदारांनी बंदीचा कौल दिला आणि ती 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली. परंतु फ्रान्समध्ये कायद्यापूर्वी नकाब घालणाऱ्या स्त्रियांचा सरकारी अंदाज सुमारे 1,900 होता; स्वित्झर्लंडमध्ये तर त्या काही डझनच. आपल्याकडे एकेका शहरात याहून अधिक निघतील. शिवाय 2020 साली करोनाची साथ आली, तेव्हा चेहरा झाकला म्हणून दंड करणाऱ्या त्याच फ्रान्समध्ये तो झाकला नाही म्हणूनही दंड होऊ लागला.

भारतात असा कायदा करावयाचा झाला, तर त्याचे शब्द कोणते असावेत? ‘चेहरा झाकू नये’ एवढेच लिहिले, तर राजस्थान-हरियाणातील घुंघटवाल्या सुना आधी पकडल्या जातील आणि उद्यमबागेतील स्कूटरवाली मुलगीही सुटणार नाही. त्यांना वगळून फक्त बुरख्याचे नाव घातले, तर तो कायदा एका समाजापुरता होईल आणि घटनेच्या 14 व्या व 15 व्या अनुच्छेदांपुढे टिकणे त्याला कठीण जाईल. धार्मिक स्वातंत्र्याचा 25 वा अनुच्छेद तर पुढेच उभा आहे.

बंदीच्या बाजूने खरोखर वजनदार मुद्दा एकच आहे, आणि तो टाळता येणार नाही. बुरखा घालणारी प्रत्येक स्त्री तो स्वेच्छेने घालते, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. बापाचा, भावाचा, नवऱ्याचा, गल्लीतील लोकांचा धाक असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तर विचारतो कोण? पण या धाकाचा बंदोबस्त त्या मुलीला दंड करून कसा होणार? जिच्यावर सक्ती झाली, तिलाच शिक्षा, असा हा न्याय झाला. फ्रान्सच्या त्याच कायद्यात दुसरे एक कलम आहे, त्याची चर्चा आपल्याकडे होत नाही: जो कोणी दुसऱ्याला चेहरा झाकावयास भाग पाडील, त्याला एक वर्ष कैद आणि 30,000 युरो दंड, मुलगी अज्ञान असल्यास दुप्पट. उसने आणावयाचे असेल, तर पहिल्या कलमापेक्षा हे कलम आणावे.

मराठी मुलखात हा प्रश्न खराखुरा उभा राहिला तो मुंबईत. चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने 2024 साली नवा वेशनियम काढून बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बिल्ले या सर्वांना मज्जाव केला. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या; 26 जून रोजी त्यांचा अर्ज फेटाळला गेला. 9 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने हिजाब, टोपी आणि बिल्ले यांवरील बंदी स्थगित केली, मात्र वर्गात बुरखा किंवा चेहरा झाकणारा नकाब घालून बसता येणार नाही हेही स्पष्ट केले. शिकविणाऱ्याला समोरचा चेहरा दिसावा लागतो. मुलीला कळले की नाही हे तिच्या भुवया सांगतात. ही गोष्ट कोणत्याही शिक्षकाला न्यायालयाने समजावून देण्याची गरज नाही. केरळातील मुस्लिम एज्युकेशनल सोसायटीने तर 2019 सालीच आपल्या संस्थांत चेहरा झाकण्यास मनाई केली. तिला पुढाऱ्यांची टीका सोसावी लागली. पण मुसलमानांनी चालविलेल्या संस्थेचा हा निर्णय, आणि म्हणून त्याचे मोल निराळे.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई हेही याच वाटेने गेले. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत विधानभवनावर त्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा नेला, तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. कोणते दुःख आधी हाती घ्यावे, याचा क्रम त्यातून दिसतो. नवऱ्याने तीन शब्द उच्चारताच रस्त्यावर येण्याचे भय जिला होते, तिला आधी बुरखा टाक म्हणणे म्हणजे छप्पर गळत असताना भिंत रंगविणे होते.

वर्ग, परीक्षा, बँक, मतदानकेंद्र, पासपोर्टची कचेरी, न्यायालयातील साक्ष, येथे चेहरा उघडा असावा, असा नियम करण्यास हरकत नसावी. सोबत स्त्री-कर्मचारी आणि आडोसा असावा. रस्ता, बाजार, बस यांवर मात्र बंदी नको, कारण वर्गापर्यंतची वाट तेथूनच जाते. बुरखा घालूनच बाहेर पडण्याची मुभा ज्या मुलीला घरातून मिळाली आहे, तिची बस बंद केली तर वर्गही बंद होतो. अनेक महाविद्यालयांत मुलींसाठी एक विश्रांतीची खोली असते. सकाळी तेथे खुंट्यांवर पाचसहा बुरखे टांगलेले दिसतात. मुली सलवार-कमीज सारख्या करून, वह्या घेऊन वर्गात जातात आणि शेवटची घंटा झाली की ते अंगावर चढवून बसच्या थांब्याकडे निघतात.