ग्रास कटर : आधी निगा, मग बेणणी

कोकणात पाऊस ओसरला की आंबा-काजूच्या बागांत बेणणी सुरू होते. जे काम पूर्वी कोयतीने व्हायचे, ते आता बऱ्याच बागांत खांद्याला अडकवलेला ग्रास कटर करतो. घरातल्या मुलाचा डोळा त्यावर असतोच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ढकलत न्यायच्या गवतकापणी यंत्रासाठी किमान १२ आणि बसून चालवायच्या यंत्रासाठी १६ वर्षे वय सुचवले आहे. पण त्या यंत्रांचे पाते झाकणाखाली असते. ग्रास कटरचे पाते जवळजवळ उघडे आणि सगळा भार अंगावर, म्हणून तो चालवणे अठराव्या वर्षापर्यंत लांबवलेलेच बरे. आपल्या बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनेही चौदा वर्षांखालील मुलांना शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदतीची मुभा दिली, ती धोक्याची कामे वगळूनच.

निगा मात्र बारा-तेराव्या वर्षी शिकवता येते, तीही बंद आणि थंड यंत्रावर. स्पार्क प्लगची टोपी काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही, हा पहिला धडा. मग जाड हातमोजे घालून पात्याभोवती गुंडाळलेले गवत काढायचे. पात्याचा नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो. मुलगा सवयीने डावीकडे फिरवतो आणि नट सुटायचा सोडून आणखी आवळतो. कापताना गवताचा जो विरोध होतो, त्याने नट सैल पडू नये म्हणून ही योजना. कारण कळले की चूक पुन्हा होत नाही. पात्याला केसाएवढी चीर दिसली तरी ते भंगारात टाकावे. वेल्डिंग मारून तेच पुन्हा बसवणारे महाभाग आहेत, त्यांचे अनुकरण नको. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा.

पेट्रोल मोठ्यांनीच भरावे, इंजिन गार झाल्यावर आणि चुलीपासून लांब. हिशेब मुलाने करावा : टू-स्ट्रोक इंजिनाला कंपनीने १:५० प्रमाण सांगितले असेल, तर लिटरला २० मिली ऑइल.

बेणणीआधी बाग पायी फिरून दगड, बाटल्या, तारांचे तुकडे उचलणे हे मुलाचे खरे काम. जांभ्याचा खडा पात्याला लागला तर कुठे उडेल याचा नेम नसतो. म्हणून यंत्र सुरू झाले की मुलाने किमान ५० फूट लांब थांबावे. तिथून पाहण्यासारखे बरेच असते. चालवणारा उजवीकडून डावीकडे कापत जातो, कारण पात्याची पुढची उजवी बाजू खुंटाला लागली तर यंत्र जोरात झटका देते. कोवळ्या गवताला नायलॉनची दोरी लावतात. ती संपली म्हणून लोखंडी तार लावणे जिवावर बेतू शकते, कारण तिचे तुटलेले तुकडे गोळीसारखे सुटतात.

हंगाम संपला की मोठ्यांनी टाकी रिकामी करून उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, नाहीतर कार्बोरेटर चिकटतो. इंजिन गार झाल्यावर मुलाने टोपी काढावी, पाते पुसून त्याला तेलाचा हात द्यावा आणि त्यावर कव्हर चढवावे.